पलंगाखालचं जनावर

मला एका शब्दानं घरात कोंडलं होतं. शब्द साधाच, ‘जनावर’. आमच्या गावाकडं, परभणीच्या बाजूला, जनावर म्हणजे बैल, म्हैस, गाढव, रानातला लांडगा, जे काही चार पायांवर चालतं ते सगळं. सापाला आम्ही लांबडं म्हणायचो. कोकणातल्या माणसाला मात्र जनावर म्हटलं की साप, दुसरं काही नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशाला? माझ्या डोक्यावर राहणाऱ्या वहिनी रत्नागिरीकडच्या, मी मराठवाड्यातली, पण जिना एक, नळ एक आणि भाषा एक. आपण बोललो ते समोरच्याला कळलं, असंच आपण धरून चालतो.

आम्ही नेरूळला राहायला आलो ती ऐंशी सालानंतरची पहिली वर्षं. इमारत इतकी नवी की जिन्यात अजून रंगाचा वास होता. आठ घरं, त्यातल्या सहांना कुलूप. यांना बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात पहिली पाळी असायची. पहाटे निघायचे ते चारच्या पुढं घरी. दिवसभर इमारतीत मी, वरच्या वहिनी आणि त्यांचे सासरे. त्यांना सगळेच मामंजी म्हणायचे, म्हणून मीही.

आमचं घर तळमजल्यावर. पुढं खोली, मागं स्वयंपाकघर, दोन्हींच्या मध्ये दार नाही, नुसता पडदा. स्वयंपाकघरातून मागचं दार, बाहेर हातभर अंगण, मग गुडघाभर गवत, मग खारफुटीची तिवरं, आणि तिवरांच्या पलीकडं खाडी. त्या जागेवर आमच्या आधी जे जे राहत होतं ते अजून गेलं नव्हतं. घुशी तर होत्याच. मुंगूस यायचं. खेकडे मोरीतून वर यायचे आणि घागरीमागं जाऊन बसायचे. एकदा भर सकाळी उंबऱ्यावर घोरपड ऊन खात पडली होती, मी हातातलं पीठ सांडलं होतं.

तेव्हा मला सातवा महिना होता. आधीचं एक चौथ्या महिन्यातच गेलेलं. त्यामुळं मी घाबरट झाले होते म्हणा, किंवा शहाणी. मामंजींनी मला घर बंद करायला शिकवलं. ते जुन्या काळचे, हातात करवत घेतली की वय विसरायचे. मागच्या दाराच्या चौकटीला त्यांनी दोन्ही बाजूंनी लाकडी खाचा ठोकल्या आणि त्यात वरून सरकवायची गुडघाभर उंचीची फळी करून दिली. म्हणाले, “दार उघडं ठेव, फळी लावून ठेव. वारा येईल, जनावर येणार नाही.” बघा, तेव्हाही तोच शब्द होता. ते साप म्हणत होते आणि मी सगळं रान धरत होते.

मग मीच हौसेनं पुढं गेले. मोरीच्या भोकाला जाळी, खिडकीच्या गजांवर बारीक तारेची जाळी, पुढच्या दाराखालच्या फटीत गोणपाट. खिडकीची जाळी इतकी बारीक घेतली की बाहेरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं, आणि बाहेरच्याला तर आतलं काहीच नाही. हे म्हणाले, “अगं, आपल्यालाच श्वास घ्यायला जागा ठेव थोडी.” मी ऐकलं नाही.

त्या दिवशी पाऊस जाऊन महिना झाला असेल. ऊन असं की भिंती तापलेल्या. सकाळी शेजारच्या करावे गावातल्या मासळीवाल्या मावशींकडून कोळंबी घेतली होती. डोकी आणि टरफलं मोरीत तशीच राहिली होती, वाकवत नव्हतं म्हणून. मागचं दार वाऱ्यासाठी उघडं, फळी लावलेली. दुपारी जेवून पुढच्या खोलीत पलंगावर पडले होते तर स्वयंपाकघरात झाकण पडलं. मांजर असेल म्हणून उठले. पडदा थोडा बाजूला केला आणि मोरीजवळ मला एक पाठ दिसली. मातकट, वरून काळपट, आणि खाली झुपक्याची शेपटी. तोंड मोरीत होतं. कुत्रं नव्हतं ते. कुत्रं घरात शिरलं की त्याच्या पाठीत जरा लाज असते. या पाठीत तसलं काही नव्हतं.

मी पडदा सोडला आणि कशी ते मला माहीत नाही, पण त्या पोटासकट पलंगावर चढून उभी राहिले. पलंग खिडकीलाच लागून होता. बाहेर वहिनी वाळलेले कपडे काढत होत्या.

“वहिनी! अहो वहिनी! घरात जनावर शिरलंय!”

त्या जागच्या जागी थांबल्या. “कुठं गो?”

“स्वयंपाकघरात!”

“केवढं आहे?”

मी दोन्ही हात पसरून दाखवले. जाळीतून काय दिसणार कप्पाळ. “हातभराच्या वर आहे! मातकट आहे!”

“बाई बाई बाई! तू कुठं आहेस?”

“पलंगावर.”

“तिथंच राहा. पाय जमिनीला लावू नकोस. आणि भिऊ नकोस गो, तुला ते काही करायचं नाही. पोटुशी बाईची सावली पडली की आंधळं होतं ते.”

“कोण आंधळं होतं?”

“जनावर! जागचं हलत नाही मग.”

आता तुम्हाला हसू येईल. पण मी खरंच क्षणभर विचार केला, की कोकणातली जनावरं वेगळी असतील. आमच्या गावात गरोदर बाईला बघून कुठलं लांडगं-कोल्हं आंधळं झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण या बाईनं माझ्यापेक्षा दहा पावसाळे जास्त पाहिलेले, ती एवढं ठामपणे सांगतेय तर असेलही. वहिनींनी जिन्यात तोंड घालून मामंजींना हाक मारली, मागचं दार लावा, सुटलं तर दिसायचं नाही, आणि स्वतः करावे गावाकडं धावत सुटल्या. तिथं एक साप धरणारा माणूस होता. मला वाटलं, कुणी माणसं बोलवायला गेल्या.

मग मागून धाडकन आवाज आला. मामंजींनी बाहेरून दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

त्या आवाजासरशी पडदा उडाला आणि ते जनावर पुढच्या खोलीत आलं. एका झेपेत. मला त्याचं तोंड दिसलं, निमुळतं, कान ताठ. कोल्हा होता. त्यानं पुढच्या दाराला एक धडक दिली, मागं वळला, मला बघितलं, आणि सरळ माझ्या पलंगाखाली शिरला. आंधळा बिंधळा काही झाला नाही.

“मामंजी!” मी ओरडले. “दार उघडा!”

मामंजींना कमी ऐकू यायचं. “काय?”

“दार! मागचं दार!”

“लावलंय, लावलंय! खालच्या फटीत गोणपाट कोंबलंय. मुंगी बाहेर जायची नाही. तू स्वस्थ बस.”

“अहो कोल्हा आहे! कोल्हा!”

“हल्ला? छे छे. नाही करणार हल्ला. एव्हाना दिसेनासं झालं असेल त्याला.”

मी पुन्हा ओरडले तेव्हा माझ्याच आवाजानं खालून गुरगुर आली, आणि माझी वाचा बसली. पलंगाच्या पट्ट्यांमधून तो आवाज माझ्या तळव्यांना लागला.

खाली कोल्हा, वर मी. पुढचं दार चार पावलांवर, आतून कडी लावलेली, आणि ती मीच उघडू शकणार होते. मागचं दार मामंजी काठी घेऊन राखत होते. खिडकीला गज आणि माझीच जाळी. घर आत काही येऊ नये म्हणून बुजवलेलं, ते इतकं चांगलं बुजवलं होतं की आतलंही काही बाहेर जाणार नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कोल्हा तर आहे, वाघ थोडाच आहे. पण मी लहान असताना आमच्या गावात एका बाईला शेतात कोल्हा चावला होता. भर दिवसा. कोल्हा माणसाला भितो, तो आपणहून जवळ आला म्हणजे पिसाळलेला, हे सगळ्यांना नंतर सुचलं. तिला गोठ्यात बांधून ठेवलं होतं. पाण्याचा तांब्या नुसता दाखवला तरी तिचा घसा आवळायचा. आम्ही पोरं कुडाच्या फटीतून बघायचो आणि आई येऊन आम्हाला मारून पिटाळायची. आणि आता माझ्याकडंही कोल्हा भर दुपारी, माणसाच्या घरात, आपणहून आला होता. चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं. तेव्हा पोटातच द्यायचे. आणि पोटात माझं लेकरू.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पायाला मुंग्या आल्या. बसायचं तर पाय खाली सोडता येत नव्हते, आणि मांडी घालून बसू देणारं पोट नव्हतं. खाली तो धापा टाकत होता. कुजक्या कातड्यासारखा, उग्र असा वास खोलीभर झाला. मधूनच जमीन खरवडायचा. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. चार पावलं. कडी काढायची, दार उघडायचं.

एक पाय खाली टेकला आणि घोट्याला काहीतरी लागलं. थंड की गरम तेही कळलं नाही. मी किंचाळून पाय वर ओढला आणि भिंतीला पाठ लावून बसले, गुडघे दोन्ही बाजूंना फाकून, कशीही. घोट्याच्या वर बोटभर लांब ओरखडा होता. त्यातून रक्ताचा बारीक थेंब आला, मग दुसरा.

बाहेर मामंजी म्हणत होते, “ओरडू नकोस, ते बिथरतं.”

वहिनी परत आल्या तेव्हा सोबत साप धरणारा नव्हता, तो उरणला गेला होता. रस्त्यात त्यांना मासळीवाल्या मावशी भेटल्या, रिकामी पाटी घेऊन घराकडं निघालेल्या. वहिनींनी त्यांनाच ओढत आणलं. मला आधी खिडकीतून मावशींचा आवाज आला.

“काय दिसत नाय. ही जाली कनी मारली गो, कोंबऱ्यांचा खुराडा हाय का?” मग त्यांनी जाळीला नाक लावलं. “आन ह्यो वास कसला? अगो, सापाला असा वास येतो काय? ह्यो कोला हाय कोला!”

“कोल्हा?” वहिनी.

“बाय, तुझ्या पलंगाखाली हाय ना तो?”

मी मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. “हो” म्हणाले.

“आता तू तोंडातनं आवाज कारू नुको. पाय वर घे. त्याच्या डोल्यात बघू नुको.” मग मागं वळून, “आन तुमी शानी मानसा! कोल्याला पोटुशीसंगं कोंडून ठेवलाव? त्याला वाट द्या, वाट!”

पुढं जे झालं ते मी नुसतं ऐकलं. मावशींनी मागची कडी काढली, गोणपाट ओढून टाकलं, फळी वर उचलून बाजूला केली. मामंजी काठी घेऊन उंबऱ्याशीच उभे, त्यांना दंडाला धरून इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. “तुमी हतं उभं ऱ्हायलाव तर तो भायेर कसा येल?” वहिनींना जिन्यात घातलं. खिडकीशीही कुणी थांबायचं नाही म्हणाल्या. पाखरं तेवढी ओरडत होती. मी डोळे मिटले. पलंगाखालचा श्वास थांबला. मग नखांचा आवाज, टक टक टक, फरशीवरून. पडदा हलला. आणि मग काहीच नाही.

बऱ्याच वेळानं मावशी पडद्यातून आत आल्या. “गेला. खारीकरं गेला, तिवरात. उतर आता.”

उतरता येईना. त्यांनी आणि वहिनींनी मला काखेत धरून उतरवलं.

“मग कोल्हा म्हणायचं ना गो!” वहिनी रडतच होत्या. “मी साप समजले!”

“मी जनावरच म्हटलं ना तुम्हाला!”

“जनावर म्हणजे सापच ना?”

“आणि ते आंधळं?” मामंजी दारातून. “आंधळं झालं नाही म्हणता?”

मावशींना हसू आवरेना. मलाही आलं, रडता रडता. मग मावशींची नजर माझ्या घोट्यावर गेली आणि हसू तिथंच संपलं. “ह्या काय?” मी सांगितलं. त्यांनी मला नळाखाली बसवलं आणि अंगाचा साबण घेऊन तो ओरखडा धुतला. पुन्हा धुतला. किती वेळ ते पाणी वाहू दिलं, वहिनी नळ बंद करायला गेल्या तर त्यांच्या हातावर चापट मारली.

हे चारला आले. पलंगासमोर उकिडवे बसून त्यांनी खालची लोखंडी पट्टी तपासली. एका ठिकाणी पत्रा उचकटलेला होता. “हे बघ. हेच लागलंय तुला. मलाही लागतं इथं. दात लागला असता तर दोन खुणा असत्या.”

“आणि नसेल पट्टी तर?”

“अगं, पोटात चौदा सुया…” मग हळूच म्हणाले, “एक गेलंय आपलं.”

वहिनीही त्यांच्याच बाजूनं. सातव्या महिन्यात पोटाला सुई लावायची नाही, त्यांच्या माहितीतल्या कुणाचं तरी काहीतरी झालं होतं. त्या रात्री मला वाटलं, दुपारी निदान एक दार तरी होतं, कुणीतरी येऊन उघडण्यासारखं. सुया घेतल्या तर लेकराची भीती, नाही घेतल्या तर दोघांचीही.

सकाळी आम्ही बसनं सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर चष्मा डोक्यावर सरकवून ओरखड्याकडं बघत राहिले.

“कोल्हा कुठं आहे?”

“तिवरात गेला.”

“म्हणजे त्याच्यावर नजर ठेवता यायची नाही. दात लागला की पत्रा, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकत नाही.”

“बाळाला औषध बाधेल ना?” मी विचारलं.

“बाळाला औषधाची भीती घालू नका. तो आजार झाला तर आईही राहत नाही आणि बाळही. मी लिहून देतोय. आजपासून रोज यायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.”

हे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, “द्या.”

नर्सबाई पोटावर जागा शोधायला लागल्या. तट्ट फुगलेलं पोट, कातडी धरायला चिमटीत येईना. “श्वास सोडा,” म्हणाल्या, आणि नेमकी तेव्हाच आतून लाथ बसली. बाईंनी हात मागं घेतला. “अरे, थांब की जरा! तुला नाही टोचत.” मग थोडं बाजूला सरकून टोचलं. चौदा दिवस त्या दर वेळी आधी तळहात ठेवून वाट बघायच्या, तो की ती, आतलं पोर शांत झालं की मग सुई. पोटावर लिंबाएवढ्या गाठी आल्या. बसमध्ये मी पदरानं झाकून, कुणाचं कोपर लागू नये म्हणून दोन्ही हात पुढं धरून उभी राहायची.

शेवटच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, “आता?”

“आता काही नाही. घरी जा. बाळंतपणाला या.”

ते सोपं होतं त्यांना. मला मात्र गोठ्यातली ती बाई दिसायची. मग मी एक करायला लागले. सकाळी उठलं की कुणाशी बोलायच्या आधी तांब्याभर पाणी घेऊन ओट्याशी उभी राहायची आणि एका दमात प्यायची. घशातून उतरलं की तो दिवस माझा. ओरखडा भरून आला, त्याची खूणही पुसट झाली, तरी मी पाणी पीत राहिले. घराची दारं मात्र दिवसरात्र बंद. हे एकदा उठले आणि त्यांनी मला तसं उभं बघितलं. काय चाललंय हे मी कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी पाळीला जायच्या आधी स्वतःचा तांब्या घेऊन शेजारी येऊन उभे. “चला,” म्हणाले, “माझीही परीक्षा घेऊन टाका.” आणि घटाघटा प्याले, मिशीवरून पाणी ओघळेपर्यंत.

थंडीत मुलगी झाली. रडणारी, लालभडक, दोन्ही मुठी वळलेल्या. मी तिचे हातपाय मोजले, डोळ्यांपुढं बोट फिरवलं, टाळी वाजवून बघितली. नर्सबाई म्हणाल्या, “अहो, चांगली आहे, किती तपासाल?” तरीही घरी आल्यावर माझा तांब्या चालूच. कुणीतरी सांगितलं होतं की हा आजार वर्षानंतरसुद्धा उलटतो.

कधी बंद झालं ते मला नक्की आठवत नाही. पोरगी बसायला लागली होती एवढं खरं. एका सकाळी ती कपाळमोक्ष करून घेते की काय अशी पलंगावरून वाकत होती, स्टोव्हवर दूध उतू चाललेलं, यांचा डबा व्हायचा होता. दुपारी तिला झोपवून ताटावर बसले, घास घशात अडकला म्हणून पाणी घ्यायला हात पुढं केला, आणि लक्षात आलं की सकाळचं पाणी प्यायचं राहूनच गेलं. मग उठून मागचं दार उघडलं आणि जेवायला लागले.